योनीमुखावरचा कर्करोगपूर्व चट्टा: मलमानं भागतं, की कापावंच लागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई 47 वर्षांच्या, सोलापूरच्या पूर्व भागात राहतात, घरी बसून विड्या वळतात. दीड वर्षापासून खालच्या जागेला खाज. मेडिकलमधून नायट्याची मलमं आणून लावली. खाज थांबायची आणि पुन्हा यायची. शेवटी दाखवलं तेव्हा डाव्या बाजूला जाडसर, राखाडी-तपकिरी चट्टा आणि शेजारी दोन लहान डाग सापडले. तुकडा काढून तपासला, रिपोर्टात ‘एचएसआयएल, व्हीआयएन 3’ आलं. एका डॉक्टरांनी ऑपरेशन करून काढून टाकू म्हटलं, दुसऱ्यांनी इमिक्विमॉड नावाचं मलम सुचवलं. लेकीनं विचारलंय की मलमानं हे खरंच जाईल का, की वेळ वाया जाऊन कॅन्सर होईल? हे वडिलांकडून आलं असेल का? आणि मी 24 वर्षांची आहे, तर लस घेऊ का?

मलमानं जाऊ शकतं. योग्य रुग्णात ते ऑपरेशनच्या तोडीचं ठरतं, हे आता चांगल्या अभ्यासानं दिसलेलं आहे. पण ‘मलमच तर आहे, लावून बघू’ असा जो सूर घरोघरी असतो, तो इथे चालत नाही. कापाकापी टळते खरी, पण रुग्णाला चार ते सहा महिने स्वतः राबावं लागतं आणि डॉक्टरला दर महिन्याला डोळ्यांनी बघावं लागतं. या दोन्हीपैकी एक जमणार नसेल तर मी सरळ ऑपरेशनच्या बाजूनं बोलते.

आधी रिपोर्ट नीट वाचू या, कारण मलम चालेल की नाही हे तिथेच ठरतं. व्हीआयएन म्हणजे योनीमुखाच्या कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी बिघडलेल्या आहेत, पण त्या थराखाली उतरलेल्या नाहीत. म्हणून हा कॅन्सर नव्हे. मात्र दुर्लक्ष केलं तर होऊ शकतो. 2015 पासून या बदलांचे तीन गट मानले जातात. पहिला सौम्य गट, एलएसआयएल, म्हणजे बहुतेकदा चामखिळीसारखे साधे विषाणूचे बदल. त्यांना आता कर्करोगपूर्व म्हणतही नाहीत. दुसरा तुमच्या आईंचा, एचएसआयएल. हा एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्यातही बहुतेक वेळा 16 नंबरच्या प्रकारामुळे. तिसरा गट वेगळाच आहे, त्याला डीव्हीआयएन म्हणतात. त्याचा विषाणूशी संबंध नसतो. तो बहुधा पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बायकांत, जुन्या लायकेन स्क्लेरोसस नावाच्या पांढऱ्या चट्ट्यांच्या आजारावर उगवतो आणि झपाट्यानं पुढे जातो. नेदरलँड्समधल्या मोठ्या नोंदींत दहा वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण एचएसआयएलमध्ये साधारण दहांत एक, तर डीव्हीआयएनमध्ये जवळजवळ निम्मं निघालं. डीव्हीआयएनला मलम लावत बसायचं नाही, ते कापूनच काढायचं. इमिक्विमॉडची सगळी भाषा फक्त एचएसआयएलसाठी आहे.

म्हणून पहिलं काम हे करा: रिपोर्टाखाली पी16 आणि पी53 या रंगतपासण्या केल्या आहेत का ते बघा. एचएसआयएलमध्ये पी16 सलग, गडद येतो. शंका असेल तर तुकड्याचा ब्लॉक आणि काचा प्रयोगशाळेतून मागून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. तो तुमचा हक्क आहे, त्यात कुणाचा अपमान होत नाही. दुसरी गोष्ट, तुकडा किती ठिकाणचा घेतला? तीन डाग असतील आणि तपासणी एकाच डागाची झाली असेल, तर उरलेल्या दोघांबद्दल आपण अंधारात आहोत. जागा बधिर करून चार मिलिमीटरच्या पंचनं, म्हणजे गोल पात्याच्या छोट्या हत्यारानं, तुकडा घ्यायला काही मिनिटं लागतात. जिथे कातडी सर्वांत जाड, खडबडीत, उंच किंवा जखमेसारखी दिसते तिथला तुकडा हवाच. घट्ट गाठ लागत असेल, व्रण असेल, हात लावल्यावर रक्त येत असेल, तर मलमाचा विचार तिथेच थांबवते मी. कारण आत कुठेतरी कॅन्सर सुरू झालेला असला तर मलम वरची कातडी छान करेल आणि खालचा आजार वाढत राहील. ऑपरेशनचा एक मोठा फायदा हाच की काढलेला सगळा भाग सूक्ष्मदर्शकाखाली जातो. मलमात तसं होत नाही.

मेडिकलमधल्या मलमांबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या पिशवीत अशी एक ट्यूब असते. नायट्यासाठी म्हणून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबांत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि त्यात जोरदार स्टेरॉइड असं तिन्ही कालवलेलं असतं. स्टेरॉइडनं खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून बाईला वाटतं गुण आला. चट्टा मात्र तिथेच असतो, लाली जाऊन फक्त फसवा दिसतो. महिनोन् महिने लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते, चिरा पडतात. खरी गंमत अशी की हेच जोरदार स्टेरॉइड, क्लोबेटासॉल 0.05 टक्के, लायकेन स्क्लेरोससमध्ये आम्ही स्वतः लिहून देतो: महिनाभर रोज रात्री, मग महिनाभर एक रात्र आड, मग आठवड्यातून दोनदा, तेही मोजूनमापून आणि पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवून. नेमानं वापरणाऱ्या बायकांत पुढे कॅन्सर कमी होतो, असं ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे तेच औषध एका पांढऱ्या चट्ट्याला तारतं आणि दुसऱ्यावर पांघरूण घालतं. चट्टा कुठला हे नुसतं बघून पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरलाही छातीठोक सांगता येत नाही. मेडिकलच्या काउंटरवरून तर नाहीच नाही. आईंनी जी मलमं लावली त्यांच्या रिकाम्या ट्यूबा असतील तर डॉक्टरांना दाखवा.

आता इमिक्विमॉड. 5 टक्क्यांचं हे मलम जननेंद्रियांवरच्या चामखिळींसाठी 1997 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. व्हीआयएनसाठी ते मंजुरीच्या कागदावर नाही, म्हणून पाकिटातल्या चिठ्ठीत हा आजार शोधू नका. अनुभव आणि अभ्यासांच्या जोरावर जगभरचे डॉक्टर ते वापरतात. हे मलम चट्ट्याला जाळत नाही. एचपीव्ही शरीराच्या पहारेकरी पेशींपासून लपून राहतो. हे औषध त्या पेशींवरचं टीएलआर7 नावाचं एक बटण दाबतं, तिथे इंटरफेरॉनसारखी रसायनं सुटतात आणि पहारेकरी जागे होऊन बिघडलेल्या पेशींवर तुटून पडतात. त्यामुळे लाली, आग, सोलवटणं हे बहुतांशी औषध काम करत असल्याचं लक्षण असतं. काहीच झालं नाही तर मलम बरोबर जागी लागतंय का, अशी शंका मला येते.

आकडे बघा. 2008 साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 52 बायकांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना इमिक्विमॉड आठवड्यातून दोनदा, 16 आठवडे. निम्म्यांना बिनऔषधाचं मलम. औषधवाल्या 26 पैकी 21 जणींचा चट्टा चांगलाच आक्रसला, 9 जणींचा, म्हणजे 35 टक्के बायकांचा, पूर्ण गेला. दुसऱ्या गटात एकीलाही तसा गुण नाही. 2014 मध्ये ब्रिटनमधल्या 180 बायकांच्या चाचणीत साधारण निम्म्या जणींना इमिक्विमॉड आठवड्यातून तीनदा, 24 आठवड्यांपर्यंत दिलं गेलं आणि पुन्हा तुकडा तपासून मोजलं, तेव्हा त्यांतल्या 46 टक्के बायकांत आजार पूर्ण गेलेला होता. मग 2022 मध्ये ऑस्ट्रियातल्या सहा रुग्णालयांचा अभ्यास आला, ज्यात पहिल्यांदा मलम आणि ऑपरेशन समोरासमोर उभे केले. 110 बायका होत्या. सहा महिन्यांनी डोळ्यांना चट्टा दिसेनासा झाला होता मलमाच्या गटात 80 टक्के आणि ऑपरेशनच्या गटात 79 टक्के बायकांत. मलम हळूहळू वाढवत आठवड्यातून तीनदापर्यंत नेलं होतं आणि चार महिन्यांत न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत चालू ठेवलं होतं.

35, 46 आणि 80 हे तीन आकडे एकाच औषधाचे असूनही इतके वेगळे का? मोजण्याची रीत वेगळी होती, हे एक कारण. पण माझ्या मते दुसरं जास्त मोठं आहे: किती दिवस, किती वेळा आणि किती नेमानं लावलं. आमच्याकडे मलम ‘फेल’ गेलेल्या ज्या बायका येतात त्यांतल्या बऱ्याच जणींनी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आग व्हायला लागल्यावर कुणाला न विचारता ते बंद केलेलं असतं. तो मलमाचा पराभव धरायचा नाही.

लावायचं कसं ते सांगते. पहिल्या भेटीत मी आरसा हातात देते आणि बाईला स्वतःचा चट्टा दाखवते. आपल्या बायकांनी आयुष्यात कधी ती जागा आरशात बघितलेली नसते. लाजतात, हसतात, मग बघतात. चट्टा दिसला नाही तर मलम भलतीकडे लागणार. रात्री झोपताना, लघवीला जाऊन आल्यावर, जागा धुऊन कोरडी करायची. एका पाकिटात 250 मिलिग्रॅम मलम असतं. मटारच्या दाण्याएवढं चट्ट्यावर आणि अगदी कडेला घेऊन बोटानं पुसट होईपर्यंत चोळायचं. थर द्यायचा नाही. योनीच्या आत आणि लघवीच्या छिद्रात जाऊ द्यायचं नाही. वर प्लास्टिक नको, पॅड घट्ट नको. सहा ते दहा तासांनी, म्हणजे सकाळी, साध्या साबणानं आणि पाण्यानं धुऊन टाकायचं. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही हे मला माहीत आहे, पण या धुण्यासाठी एक बादली बाजूला ठेवायची. मलम दिवसभर तसंच राहिलं तर जखमा वाढतात. हात लावण्याआधी आणि नंतर धुवायचे. विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांवर तंबाखूची धूळ असते, तिचे हात दोनदा.

सुरुवात मी आठवड्यातून एकदा करते, दोन आठवड्यांनी दोनदा, सोसलं तर पुढे तीनदा, आणि कधीही लागोपाठ दोन रात्री नाही. वार ठरवून द्यावे लागतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे कॅलेंडरवर टिंब काढून ठेवले की विसर पडत नाही, आणि नातेवाइकांनी ‘हे टिंब कशाचं’ विचारलं तर सांगायचं गॅसच्या टाकीचं. या हिशेबानं पूर्ण कोर्सला साधारण 40 ते 65 पाकिटं लागतात. खर्चाचा अंदाज आधीच घ्या, मध्येच पैसे संपून औषध तुटण्यापेक्षा ते बरं. महात्मा फुले योजनेत तुमच्या बाबतीत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास कातडी लाल होते, सोलवटते, लघवी लागली की झोंबते. काहींना मलम लावल्याच्या दुसऱ्या दिवशी फ्लूसारखी कणकण, अंगदुखी, डोकेदुखी होते. त्यावर पॅरासिटामॉल पुरतं. जांघेत अवधाण येऊ शकतं. फार सोललं तर आठवडाभर थांबायचं, कातडी सांधली की आधीपेक्षा एक रात्र कमी करून पुन्हा सुरू करायचं. थांबायचं ते डॉक्टरांना फोन करून. कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसणं, लघवीला जाताना वरून पाणी ओतत राहणं, आजूबाजूच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन, आणि फार झोंबत असेल तर लिग्नोकेनची बधिर करणारी जेली, एवढ्यावर बहुतेक जणी निभावतात. सुती निकर आणि सुती परकर; नायलॉन नको. मांडी घालून तासन् तास विड्या वळत बसल्यानं घासतं, म्हणून तेवढे महिने खाली मऊ गादी आणि अर्ध्या तासानं उठणं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात हा उपचार जड जातो, थंडीत सोपा. पण उन्हाळा आहे म्हणून मी तो लांबवत नाही. कोजागिरीला तुळजापूरला चालत जायचा नेम असेल तर त्या वर्षी एसटीनं जावं, देवी काही म्हणत नाही. सोललेल्या कातडीनं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चालून आलेल्या बाईला पुढचा महिनाभर मलमाचं नाव नको असतं.

लघवी अडकणं, ताप न उतरणं, जखमेतून घाण वास किंवा पू, यांसाठी मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरात घबराट होते: चट्टा गेल्यावर त्या जागेचा रंग उडू शकतो, कोड उठल्यासारखा पांढरा डाग राहू शकतो. कधी तो भरून येतो, कधी राहतो. तो पसरत असेल तर दाखवा, एरवी त्यानं काही होत नाही.

गर्भार बाईला हे मलम देत नाही. मूत्रपिंड बदललेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या बाईत त्याचा गुण कमी येतो आणि आजारही हट्टी असतो, तिथे निर्णय वेगळा. म्हणून आईंची एचआयव्ही आणि साखर दोन्ही तपासून घ्या. एचआयव्हीचं नाव काढलं की लोक दचकतात, पण एकापेक्षा जास्त डाग असले की ही तपासणी नेहमीचीच आहे. 5-फ्लुरोयुरासिलचं मलमही कुणी सुचवेल. त्यानं जखमा इतक्या होतात की मी ते या जागेवर वापरत नाही. ब्रिटनच्या त्या अभ्यासात उरलेल्या निम्म्या जणींना दिलेलं सिडोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध इमिक्विमॉडच्या बरोबरीचं ठरलं होतं, पण तयार मलम म्हणून आपल्या दुकानात मिळणारी ती गोष्ट नाही. तुरटी, हळद, कडुलिंबाचा पाला यांनी विषाणू जात नाही. खोबरेल लावलं तर बिघडत नाही एवढंच.

ऑपरेशन सुचवणारे डॉक्टर चुकीचे नाहीत, हेही सांगायला हवं. चट्टा एकच आणि लहान असेल, जागा सोयीची असेल, बाई महिन्याला येऊ शकत नसेल, किंवा आत कॅन्सरची जराही शंका असेल तर काढून टाकणं हाच शहाणपणा. चट्टा शिश्निकेजवळ (क्लिटोरिस) किंवा गुदद्वाराजवळ असेल, किंवा तीन-चार ठिकाणी पसरलेला असेल, तिथे कापल्यानं जागेचा आकार बदलतो, संबंधांच्या वेळी दुखतं, लघवीची धार भलतीकडे जाते. अशा ठिकाणी मलमाचं पारडं जड. तुमच्या आईंचे तीन डाग आहेत, म्हणून कुठलाही डाग संशयास्पद नसेल आणि येणं-जाणं जमणार असेल तर मी मलमापासून सुरुवात केली असती. दोन्ही उपायांनंतर आजार परत येऊ शकतो. ऑपरेशननंतरही साधारण तिघींपैकी एकीत येतो. ‘एकदा काढलं की सुटलो’ हा समज त्यामुळेच धोक्याचा. मलम चालू असताना दर चार आठवड्यांनी तपासणी, शेवटी पुन्हा तुकडा, आणि मग सहा महिन्यांनी, वर्षानं, पुढे दरवर्षी. चार महिन्यांत चट्टा अजिबात हलला नाही तर पुन्हा तुकडा घेऊन ऑपरेशन किंवा लेझर. मध्ये गेलेले हे महिने वाया गेले असं समजू नका, फक्त त्या महिन्यांत कुणी बघतच नव्हतं असं होता कामा नये.

जिथे एचपीव्हीनं एक ठिकाण धरलं तिथे शेजारचीही बघायची. आईंची गर्भाशयमुखाची तपासणी, पॅप किंवा एचपीव्ही, आणि गुदद्वाराभोवतीची कातडी याच वेळी बघून घ्या. हे आपल्या भागाला नवं नाही. शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासातून, ज्यात बार्शीचं कर्करोग रुग्णालय होतं, 2009 मध्ये जगाला कळलं की एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. फक्त लक्षात ठेवा, पॅप नॉर्मल म्हणजे योनीमुख नॉर्मल नव्हे. ते उजेडात, डोळ्यांनीच बघावं लागतं. सिव्हिलमध्ये किंवा बार्शीत दोन्ही एका भेटीत होऊ शकतं.

तंबाखू. धूम्रपान करणाऱ्या बायकांत हा आजार जास्त होतो आणि जास्त परततो, हे पक्कं आहे. आपल्या बायका सिगारेट ओढत नाहीत, मिश्री लावतात. तीही मी सोडायला सांगते, तोंडाच्या कॅन्सरसाठी तर नक्कीच. विड्या वळणं सोडा म्हणत नाही. त्यावर घर चालतं.

वडिलांबद्दलचा प्रश्न. एचपीव्ही लैंगिक संबंधातून येतो, पण तो शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. आज चट्टा दिसला म्हणजे काल कुणी बाहेर गेलं होतं असं अजिबात ठरत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षातला विषाणू लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी डोकं वर काढू शकतो. कुणाकडून आला हे सांगणारी तपासणी नाही, त्यामुळे वडिलांची तपासणी करून आईंच्या उपचारात काही फरक पडत नाही. मलम लावलेल्या रात्री संबंध नकोत. निरोधचं रबर या मलमानं कमजोर होतं आणि पतीलाही आग होते. घरात हे कसं सांगायचं याची भीती असेल तर पुढच्या भेटीला वडिलांना सोबत न्या, डॉक्टरच सांगतील.

तुमची लस. 24 व्या वर्षी घेता येते. 15 वर्षांनंतर तीन डोस: पहिला, दोन महिन्यांनी दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक 6, 11, 16 आणि 18 या चार प्रकारांवर आहे आणि 26 वर्षांपर्यंत चालते. लग्न झालेलं असलं तरी घ्यावी, फायदा थोडा कमी असतो इतकंच. या लसीनं आईंचा आत्ताचा चट्टा जाणार नाही. घरात नऊ ते चौदा वर्षांची कुणी भाची-पुतणी असेल तर तिला आधी द्या, तिला दोनच डोस लागतात.